दीड फुटाची पट्टी: बदल केलेल्या टिप्परचा क्लेम कुठे आणि किती कापला जातो

गाडी दहा चाकी, तीन एक्सलची, २८ टन पासिंगची. तीन वर्षं पूर्ण, चौथं चालू. घेतली तेव्हा उघड्या हौद्याची साधी मालवाहू होती आणि आरसीवर आजही तेच लिहिलेलं आहे. पहिली दोन वर्षं तिने सिमेंट, खत आणि साखरेची पोती ओढली. पुढे पुण्याच्या आसपास खडी आणि क्रश सँडचं काम मिळालं. मालकाने ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडीत चार बदल करून घेतले आणि विमा दरवर्षी ऑनलाइन होता तसाच रिन्यू केला.

हे नमुना प्रकरण आहे, कुणा एकाची गाडी नाही. वजनाचे आणि दुरुस्तीचे आकडे हिशोब कळावा म्हणून गोल धरले आहेत. कायद्याची कलमं, विम्याचे दर आणि न्यायालयांचे निकाल मात्र खरे आहेत. खडी-वाळूच्या धंद्यात अशा गाड्या इतक्या आहेत की मालकांनी हा हिशोब एकदा तरी कागदावर मांडून बघावा असं कळकळीने वाटतं.

काय काय बदललं

पहिला बदल मोठा. जुना हौदा उतरवून त्या जागी पत्र्याचा टिप्पर हौदा, पुढून उचलणारा टेलिस्कोपिक सिलिंडर, पीटीओ (इंजिनची ताकद पंपाला देणारी जोडणी) आणि पंप बसवला. खर्च पाच लाख, त्यातलं बरंचसं रोखीत आणि पक्क्या बिलाशिवाय.

दुसरा बदल दिसायला किरकोळ. हौद्याच्या चार फुटी फाळक्यांवर (भिंतींवर) दीड फूट उंचीची पत्र्याची पट्टी वेल्ड करून उंची साडेपाच फूट केली.

तिसरा बदल मागच्या पाट्यांचा, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या पात्यांचा. दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवले आणि त्यासाठी लांब यू-बोल्ट घातले. चौथा बदल म्हणजे जास्तीच्या एलईडी लाइट, मागचा कॅमेरा आणि जीपीएस, मिळून ४०,००० रुपये.

मालकाच्या मनात हे चारही बदल एकाच खात्यात जमा असतात: ‘गाडीवर केलेला खर्च’. विम्याच्या दृष्टीने यांची चार वेगळी खाती आहेत. लाइट-कॅमेऱ्याला थोडा जादा हप्ता भरला की संरक्षण मिळतं. टिप्पर हौद्याला आधी आरटीओची मंजुरी लागते, मग विमा मिळतो. पट्टीला कितीही हप्ता भरायची तयारी असली तरी विमा मिळत नाही, कारण जे आरटीओ पास करू शकत नाही त्यावर विमा कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. वाढीव पाट्यांना वेगळा विमा वगैरे काही नसतो. क्लेमच्या वेळी ते मालकाविरुद्ध साक्ष देतात, एवढंच.

हौद्याचं गणित

हौदा १४ फूट लांब, साडेसात फूट रुंद. चार फूट उंचीला ४२० घनफूट होतात, म्हणजे ४.२ ब्रास. पट्टीसकट ५७७ घनफूट, म्हणजे पावणेसहा ब्रास. ओली क्रश सँड ब्रासला साडेचार टनांच्या आसपास भरते. पावणेसहा ब्रास म्हणजे २६ टन.

टिप्पर हौदा, सबफ्रेम (हौद्याखालची चौकट) आणि सिलिंडर बसल्यावर गाडीचं रिकामं वजन सुमारे ९ टनांवरून १०.६ टनांवर गेलं. हा मुद्दा हमखास विसरला जातो. २८ टन ही मर्यादा गाडी आणि माल मिळून आहे, त्यामुळे हौदा जड झाला की माल तेवढा कमी भरावा लागतो. म्हणजे या गाडीत कायदेशीर माल १७.४ टन, ओल्या सँडचे जेमतेम पावणेचार ब्रास. पट्टी नसती आणि नुसते चार फुटी फाळके काठोकाठ भरले असते तरी ओल्या सँडने गाडी दीड टन ओव्हरलोड झाली असती. पट्टीसकट ती ३६.६ टनांवर गेली, साडेआठ टन जास्त.

तीन एक्सलच्या गाडीची मर्यादा जुलै २०१८ मध्येच २५ टनांवरून वाढवलेली आहे. वाढवून मिळालेल्या मर्यादेच्याही वर हा माल होता.

गाडी आडवी कशी झाली

एका इमारतीच्या साइटवर, नव्या भरावावर, गाडी रिव्हर्स घेऊन हौदा उचलला. डाव्या मागच्या चाकांखालचा भराव दबला आणि ती बाजू अर्धा फूट खाली गेली. सँड ओली होती. मागचा फाळका उघडल्यावर मागचा माल सुटला, पण पुढचा, उजव्या-डाव्या कोपऱ्यातला तसाच चिकटून राहिला, आणि डावीकडे जास्त. हौदा पूर्ण वर असताना गाडी डावीकडे कलली आणि आडवी झाली. शेजारी उभा असलेला एक पिकअप टेम्पो खाली सापडला आणि साइटवरच्या एका मजुराचा पाय मोडला. चालक केबिनमध्ये होता, थोडक्यात वाचला.

अर्धा फूट म्हणजे काहीच नाही असं वाटतं. दोन मीटर रुंदीवर १५ सेंटिमीटरचा उतार धरा. मालाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून दोन मीटरवर असेल तर तो बाजूला १५ सेंटिमीटर सरकतो. हौदा उचलल्यामुळे आणि पट्टीमुळे तो साडेतीन मीटरवर गेला तर सरकतो २६ सेंटिमीटर. त्यात चिकटलेला माल एका अंगाला, त्यामुळे कलंडण्याचा जोर आणखी वाढतो. पुढचा टेलिस्कोपिक सिलिंडर उचलण्यासाठी बनवलेला असतो, बाजूचा जोर सोसण्यासाठी नाही. तो एकदा वाकायला लागला की हौदा थांबत नाही.

बांधणीतही दोष होते. मालवाहू चासीचा व्हीलबेस टिप्पर चासीपेक्षा लांब असतो, त्यामुळे फ्रेमला पीळ जास्त बसतो. सबफ्रेम ब्रॅकेट आणि बोल्टने बसवायची असते. इथे ती चासीवर थेट वेल्ड केली होती आणि वेल्डच्या कडेला चासीला जुनी भेग होती. भेगेच्या आतला भाग गंजलेला होता, म्हणजे ती आजची नव्हती. पुढे क्लेममध्ये ही गंजलेली भेग अडचणीची ठरली.

सर्व्हेअरने काय पाहिलं

गाडी उचलायच्या आधी कंपनीला कळवलं, त्यामुळे जागेवरच सर्व्हे झाला. एवढी गोष्ट मालकाने बरोबर केली. गाडी हलवल्यावर कळवलं असतं तर पुढची वाट आणखी बिकट झाली असती.

सर्व्हेअरने टेप लावून हौदा मोजला. फाळक्याच्या मूळ काठावर वेल्डिंगची सलग शिवण होती, तिच्या वरचा पत्रा पातळ आणि रंग वेगळा. पाटे मोजले: वरचे काळपट, तेलकट, आणि त्यांच्यात दोन स्वच्छ, निळसर. यू-बोल्टचे आटे नवे. गाडीत क्रशरच्या वजनकाट्याची पावती मिळाली. महाखनिज प्रणालीचा वाहतूक परवाना चार ब्रासचा होता, हौद्यातला आणि सांडलेला माल पाहता तो आकडा जुळत नव्हता. वाहन पोर्टलवरच्या नोंदीत बॉडीचा प्रकार उघडा हौदा, समोर आडवा पडलेला टिप्पर.

काही मालक पट्टी वेल्ड न करता बोल्टने बसवतात, फिटनेसच्या दिवशी काढतात आणि संध्याकाळी परत लावतात. हे आणखी वाईट आहे. बोल्टची भोकं सर्व्हेअरला सांगतात की हा बदल चालत नाही हे मालकाला ठाऊक होतं.

कायदा कुठे बोट ठेवतो

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. मंजुरीविना बदल झालाच असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सरची लेखी संमती लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र या खटल्यात हे कलम कडकपणे लावलं. कलम १८२अ(४) प्रमाणे प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ओव्हरलोडसाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, म्हणजे या खेपेला ३७,००० च्या घरात.

दंडाचा आकडा क्लेमपुढे फार लहान आहे. पैसे खरे जातात ते पॉलिसीच्या शब्दांत. मालवाहू गाडीच्या पॅकेज पॉलिसीत स्वतःच्या नुकसानीच्या भागात, झीज आणि यांत्रिक बिघाडाच्या ओळीतच, ‘ओव्हरलोडिंग किंवा गाडीवर पडलेल्या ताणामुळे झालेलं नुकसान’ वगळलेलं असतं. ही ओळ बहुतेक मालकांनी वाचलेली नसते. सर्व्हेअरने गंजलेली भेग आणि ३६.६ टन हे दोन्ही एकाच परिच्छेदात लिहिलं की कंपनीच्या हातात पूर्ण नकाराचं कारण येतं.

इथे मालकाची बाजू ज्यावर उभी राहते तो निकाल २०१० सालचा आहे: अमलेंदु साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स, सर्वोच्च न्यायालय. त्यात ‘नॉन-स्टँडर्ड’ क्लेमची, म्हणजे अट मोडलेली असताना कापून द्यायच्या क्लेमची, तीन सूत्रं नोंदली आहेत. परवान्यातली वहनक्षमता कमी दाखवली असेल तर तीन वर्षांच्या हप्त्यातला फरक किंवा क्लेमच्या २५ टक्के, यातली जास्त रक्कम कापावी. वहनक्षमतेपेक्षा जास्त माल असेल तर मान्य क्लेमच्या ७५ टक्क्यांपर्यंत द्यावं. पॉलिसीच्या इतर कुठल्याही अटीचा किंवा वापराच्या मर्यादेचा भंग असेल तरी ७५ टक्क्यांपर्यंत द्यावं. त्याआधी २००८ मध्ये नितीन खंडेलवाल प्रकरणातही गाडी चोरीला गेली असताना वापराच्या अटीचा भंग चोरीशी निगडित नाही, असं म्हणत न्यायालयाने ७५ टक्के दिले होते.

म्हणून भांडण एकाच प्रश्नावर येतं. गाडी ओव्हरलोड असताना आडवी झाली, की ओव्हरलोडमुळे आडवी झाली? पहिलं उत्तर असेल तर ७५ टक्के, दुसरं असेल तर शून्यही होऊ शकतं. या गाडीत भराव दबल्याचे फोटो होते, साइटच्या इंजिनिअरचा जबाब होता आणि माल बराचसा आधीच खाली पडलेला होता. त्यामुळे ‘भराव खचल्याने तोल गेला’ हे कारण टिकलं आणि क्लेम नॉन-स्टँडर्डवर आला. फोटो नसते तर टिकलं नसतं.

हिशोब

दुरुस्तीचं एस्टिमेट ९,६०,००० रुपये. त्याची फोड अशी: केबिन आणि तिचे धातूचे भाग २,८०,०००, चासी आणि इतर धातूचे भाग १,७०,०००, काच २०,०००, प्लॅस्टिक-रबर ६०,०००, मजुरी १,२०,०००, रंगकाम ४०,०००, आणि टिप्पर हौदा, सिलिंडर, सबफ्रेम मिळून २,७०,०००.

शेवटची ओळ सर्व्हेअरने पहिल्याच झटक्यात बाहेर काढली. पॉलिसीत ज्याची किंमत धरली होती तो उघडा हौदा गाडीवर नव्हता, आणि जो गाडीवर होता त्याचा पॉलिसीत उल्लेख नव्हता.

उरलेल्या ६,९०,००० वर घसारा. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के, म्हणून ४,५०,००० चे ३,३७,५००. काचेवर घसारा नाही. प्लॅस्टिक-रबरवर ५० टक्के, ३०,००० उरले. मजुरी पूर्ण. रंगकामाच्या एकत्रित बिलात चौथा हिस्सा सामानाचा धरून त्यावर ५० टक्के कापतात, म्हणून ३५,०००. बेरीज ५,४२,५००. भंगाराची किंमत आणि सक्तीचा डिडक्टिबल (मालकाने स्वतः सोसायची रक्कम) मिळून २२,५०० गेले, राहिले ५,२०,०००.

त्याचे ७५ टक्के म्हणजे ३,९०,०००. मालकाच्या खिशातून गेले ५,७०,०००.

क्रेनचा खर्च वेगळा. आडवी झालेली लोडेड गाडी उभी करायला दोन हायड्रा आणि पुढे टोचन, बिल ३५,०००. मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत गाडी उचलून गॅरेजपर्यंत नेण्यासाठी २,५०० रुपयांची मर्यादा असते. वाढीव टोइंगचं कव्हर घेता येतं आणि टिप्परवाल्याने ते घ्यायलाच हवं. या गाडीला नव्हतं.

आता दुसरा हिशोब. समजा टिप्पर हौदा आरसीवर आणि पॉलिसीवर चढवलेला असता, पट्टी नसती आणि माल १७ टनांच्या आत असता. मग २,७०,००० च्या ओळीवर २५ टक्के घसारा जाऊन २,०२,५०० मिळाले असते आणि ७५ टक्क्यांची कात्री लागली नसती. मिळाले असते ७,२२,५००. फरक ३,३२,५०० रुपयांचा.

हा फरक किती हप्त्यात टळला असता

ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्याचे दर २००७ पासून मोकळे झाले, पण जुन्या इंडियन मोटर टॅरिफचा तक्ता समोर ठेवून त्यावर सूट देण्याची पद्धत अजून चालू आहे. पाच वर्षांच्या आतली मालवाहू गाडी आणि झोन सी यांना आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) १.७२६ टक्के. चार महानगरं आणि राज्यांच्या राजधान्या सोडून बाकी सगळा भाग झोन सी मध्ये येतो, पुणेही. शिवाय १२,००० किलोच्या वरच्या दर १०० किलोला २७ रुपये. २८ टनांच्या गाडीला ते ४,३२० होतात.

गाडीची मूळ किंमत ३६ लाख, चौथ्या वर्षी ४० टक्के घसारा धरून आयडीव्ही २१,६०,०००. ओडी ३७,२८२ अधिक ४,३२०, म्हणजे ४१,६०२. लाइट, बंपर, मडगार्ड, टायर-ट्यूब, बॉनेटचे बाजूचे भाग आणि रंग यांसाठी आयएमटी २३ (त्याच टॅरिफमधलं २३ क्रमांकाचं जोडकलम) घेतलं तर आणखी १५ टक्के, ६,२४० रुपये. हे न घेतलेल्या पॉलिसीत रंगकाम आणि बंपर मालकाच्याच अंगावर येतात.

पाच लाखांचा टिप्पर हौदा जोडला तर वाढ किती? १.७२६ टक्क्यांनी ८,६३०, त्यावर आयएमटी २३ चे १५ टक्के, एकूण ९,९२५ रुपये, तेही सुटीपूर्वी आणि जीएसटी सोडून. लाइट, कॅमेरा आणि जीपीएसच्या ४०,००० वर आयएमटी २४ प्रमाणे ४ टक्के, १,६०० रुपये. काही कंपन्या टिप्परला ओडीवर सूट कमी देतात किंवा जास्त तपासून घेतात, त्यामुळे प्रत्यक्ष हप्ता याहून थोडा चढू शकतो. तरीही ३,३२,५०० च्या फरकाला ९,९२५ ने भागून पाहा: तेहतीस वर्षांचे हप्ते.

थर्ड पार्टीचा हप्ता तर बदललाच नसता. तो एकूण वजनाच्या टप्प्यावर ठरतो. १ जून २०२२ पासूनच्या तक्त्यात २० ते ४० टनांसाठी ४३,९५० रुपये आहेत, हौदा उघडा असो की टिप्पर. लहान गाड्यांनी मात्र सांभाळावं: ७.५ टनांपर्यंत १६,०४९ आणि त्यावर १२ टनांपर्यंत २७,१८६. एकूण वजनाची नोंद हा टप्पा ओलांडत असेल तर हप्त्यात ११,००० चा फरक पडतो, आणि तो लपवला तर वर सांगितलेलं तीन वर्षांच्या फरकाचं सूत्र लागू होतं.

मजूर आणि पिकअप

मालकाला सगळ्यात जास्त भीती याची होती, आणि इथे परिस्थिती त्याच्या समजुतीपेक्षा बरी निघाली. तिसऱ्या पक्षाला देणं टाळायला विमा कंपनीला फक्त कलम १५० मधली कारणं चालतात: परवान्याविना चालक, परमिटचा भंग, न भरलेला हप्ता, महत्त्वाची माहिती लपवून घेतलेली पॉलिसी अशी. ‘गाडीत बदल केला’ हे त्या यादीत स्वतंत्र कारण नाही. कंपनी ते माहिती लपवण्याच्या वाटेने आणू पाहते आणि ते सिद्ध करण्याचं ओझं तिच्यावर असतं. न्यायाधिकरणाने कंपनीची बाजू मान्य केली, तरी जखमीला आधी देऊन नंतर मालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. मजुराला पैसे मिळतात, पण मालकाच्या दाराशी वसुली येण्याची शक्यता उरते.

दुसरा आक्षेप येतो जागेचा: साइट खासगी होती, ‘सार्वजनिक जागा’ नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये पांडुरंग चिमाजी आगळे प्रकरणात, लोकांना परवानगीने का होईना जिथे ये-जा करता येते अशी खासगी जागाही यात येते, असा अर्थ लावलेला आहे. ज्या साइटवर पुरवठादारांच्या गाड्या आणि बाहेरची माणसं रोज येतात, तिथे हा आक्षेप सहसा टिकत नाही. पिकअपचं नुकसान मालमत्तेच्या मर्यादेत येतं. मालवाहू पॅकेजमध्ये ती ७,५०,००० असते, पण हप्ता वाचवायला ती ६,००० वर आणून ठेवलेल्या पॉलिसी आढळतात, तेव्हा शेड्यूल पाहून घ्या.

कागद कुठल्या क्रमाने करायचे

क्रम चुकला की सगळं चुकतं, म्हणून नीट सांगतो.

आधी चासी बनवणाऱ्या कंपनीच्या डीलरकडून लेखी विचारून घ्या की या मॉडेलवर टिप्पर बॉडी मंजूर आहे का. नसेल तर तिथेच थांबा. त्या चासीवर पाच लाख घालण्यापेक्षा ती विकून टिप्पर घेणं स्वस्त पडतं. मंजूर असेल तर मान्यताप्राप्त बॉडी बिल्डर निवडा. ट्रकच्या बॉडीसाठी एआयएस-०९३ हे मानक आहे. ड्रॉइंग, सिलिंडरचा नंबर असलेलं जीएसटी बिल आणि बसवण्याआधीच्या व नंतरच्या रिकाम्या वजनाच्या काट्याच्या पावत्या जपून ठेवा. बिलाशिवायच्या हौद्याला आयडीव्ही मिळत नाही.

मग फायनान्सरचं संमतिपत्र. त्यानंतर वाहन पोर्टलवर बदलाचा अर्ज, फी, आरटीओची तपासणी. नवी आरसी आली की दोनच जागा बघा: बॉडीचा प्रकार टिप्पर लिहिलाय का, आणि रिकामं वजन नवं आहे का. पुष्कळदा बॉडी बदलून येते आणि वजन जुनंच राहतं. ते तसंच राहिलं तर प्रत्येक खेपेला दीड टन माल कागदावर चुकतो.

आरसी हातात आल्यावरच विमा कंपनीला पत्र: नवी आरसी, बिल, चारही बाजूंचे फोटो, सिलिंडरचा नंबर, चासी नंबरचं पेन्सिल प्रिंट. उरलेल्या दिवसांचा हप्ता भरून एन्डॉर्समेंट (पॉलिसीवर बदलाची नोंद) घ्या. विमा कायद्याच्या कलम ६४व्हीबी प्रमाणे हप्ता जमा होईपर्यंत जोखीम सुरू होत नाही. त्यामुळे ‘एजंटला फोनवर सांगितलं होतं’ याला काहीही किंमत नाही. क्रेन, ड्रिलिंग रिग अशा गाड्यांना लागणारं आयएमटी ४७ चं, काम करताना उलटण्याचं नुकसान वगळणारं कलम चुकून आपल्या शेड्यूलवर छापलं नाही ना, हेही बघा. टिप्पर मालवाहू वर्गात येतो, पण छापलं गेलं असेल तर हौदा उचलताना झालेला अपघात वादात जातो.

पट्टी आणि वाढीव पाटे यांसाठी कुठलाही कागद नाही. ते काढावेच लागतात.

७५ टक्केही नाकारले तर

सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, ती मिळण्याचा हक्क आहे. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. गाडी एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाची असेल तर तक्रार चालते, रकमेची मर्यादा ५० लाख, मुदत नकारापासून एक वर्ष, वकील लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत आहे. ‘धंद्याची गाडी म्हणजे ग्राहक नाही’ हा बचाव कंपनीने घेतला तर २०२३ चा हरसोलिया मोटर्स निकाल दाखवा: विमा नुकसानभरपाईसाठी असतो, नफ्यासाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे.

तक्रारीत चारही बदलांचा खुलासा आपणच करा आणि मागणी ७५ टक्क्यांचीच ठेवा. अमलेंदु साहूचं नाव घेऊन शंभर टक्के मागणारा अर्ज पहिल्या तारखेलाच कमकुवत पडतो, कारण त्या निकालातल्या सूत्रांतही ७५ टक्क्यांपर्यंतच आहे.

या गाडीची दुरुस्ती सात आठवडे चालली. चासीची भेग वेल्ड न करता तो भाग बदलून घेतला आणि नवी सबफ्रेम ब्रॅकेटवर बोल्टने बसवली. फाळके चार फुटांवर ठेवले आणि आतून पावणेचार ब्रासच्या उंचीला लाल रेघ मारली. क्रशरवर माल भरणाऱ्याला ओल्या सँडसाठी तिथेच थांबायला सांगितलं आहे.